जबड्याच्या फोटोत खुब्याचं हाड दिसतं का?

सातारा जिल्ह्यातून एका ताईंचं पत्र आलंय. चांगलं पाच पानी आहे, त्यातलं कामापुरतं इथे देते.

"वय 58, वजन 46 किलो. खालची एक दाढ काढायची म्हणून दाताच्या डॉक्टरांनी जबड्याचा तो मोठा फोटो काढला, ओपीजी म्हणतात तो. फोटो बघता बघता म्हणाले, 'जबड्याची खालची कड पातळ दिसतेय, हाडं ठिसूळ झालीत का ते बघायला पाहिजे, डेक्सा करून घ्या.' मी गेले दाढेसाठी आणि हे कंबरेचं बोलायला लागले! मिस्टर म्हणतात, डेक्सावाल्याशी साटंलोटं असणार, कॅल्शियमच्या गोळ्या घे आणि गप्प बस. गेल्या वर्षी महिला मंडळाच्या शिबिरात टाचेला मशीन लावून हाडं तपासली, तेव्हा ठीक आलं होतं. दाढेच्या जागी स्क्रूचा दात बसवायचा विचार आहे, त्यासाठी थ्रीडी स्कॅन सांगितलाय. त्यातच हाडांचं कळणार नाही का? आणि शेजारच्या वहिनी म्हणतात, हाडांची औषधं सुरू केली की जबडा सडतो. खरं का? बाकी तब्येत चांगली आहे. चार वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरून मनगट मोडलं होतं, तेवढंच. आई खुबा मोडून अंथरुणाला खिळली आणि त्यातच गेली, पण ती ऐंशीची होती. पिशवी 41 व्या वर्षीच काढली. गुडघ्यांसाठी मध्ये दोन वर्षं एका ठिकाणच्या पुड्या घेत होते, फार गुण आला होता, आता बंद केल्यात. नाव छापू नका."

ताई, नाव छापत नाही, निश्चिंत राहा.

आधी उत्तर सांगून टाकते. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करा, आणि ती जबड्याच्या फोटोपेक्षा तुमच्या पत्राच्या शेवटच्या चार ओळींसाठी करा. मनगट, आईचा खुबा, पिशवी, पुड्या. तुम्ही 'बाकी तब्येत चांगली आहे' म्हणून ते सगळं शेवटी टाकून दिलंत, आणि मी पत्र वाचताना तिथेच पेन्सिलीची खूण केली. त्या ओळींकडे येतेच. पण तुम्ही विचारलंय जबड्याबद्दल आणि माझा सगळा जन्म जबड्यांचे फोटो बघण्यात गेला, तेव्हा सुरुवात तिथून करते.

ओपीजीची फिल्म घरी असेल तर खिडकीच्या उजेडात धरा. कानापासून कानापर्यंतचा जबडा उलगडून सपाट ठेवल्यासारखा दिसेल. (हे उलगडण्याचं तंत्र 1940 च्या दशकाअखेरीस फिनलंडच्या पाटेरो नावाच्या दंतवैद्याने उभं केलं. डोकं आणि मशीन एकमेकांभोवती फिरवून एवढं साधायचं, या गोष्टीचं मला अजूनही नवल वाटतं.) आता दातांकडे बघू नका. सगळ्यात खाली, जबड्याच्या काठाला एक पांढरी पट्टी दिसेल. हनुवटीपासून थोडं बाजूला, लहान दाढांच्या मुळांखाली एक काळसर ठिपका असतो. ओठाला जाणारी नस तिथून बाहेर पडते. त्या ठिपक्याच्या सरळ खाली ती पांढरी पट्टी किती जाड आहे आणि तिची आतली कड कशी आहे, हे तुमच्या डॉक्टरांनी पाहिलं.

धडधाकट हाडात ती आतली कड सुरीने कापल्यासारखी साफ असते. झीज सुरू झाली की कडेला अर्धचंद्रासारखे खाचे पडतात, उंदराने भाकरीची कड कुरतडावी तसे. आणि गोष्ट फार पुढे गेली की पट्टी एकसंध राहतच नाही, वाळवी लागलेल्या चौकटीसारखी थराथरांची आणि भोकाभोकांची होते. ही तीन गटांची पद्धत क्लेमेट्टी आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये मांडली, तीही फिनलंडमध्येच, आणि आजही तीच वापरतात. जपानमध्ये अकिरा तागुची यांनी हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला. युरोपात ऑस्टिओडेंट नावाचा प्रकल्प झाला. 2003 ते 2005 या काळात मँचेस्टर, अथेन्स, लूवेन, ॲम्स्टरडॅम आणि माल्मो या पाच ठिकाणी 45 ते 70 वयाच्या साडेसहाशेहून जास्त बायकांचे जबड्याचे फोटो आणि डेक्सा शेजारी शेजारी ठेवून पाहिले गेले. त्यातून निघालेला व्यवहारातला आकडा असा: ती पट्टी 3 मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर बाईला डेक्सासाठी पाठवावं.

जबडा आणि कंबर यांचा संबंध काय, हा तुमचा मूळ प्रश्न. हाड म्हणजे दगड नव्हे, ते जिवंत असतं. रोज थोडं पाडलं जातं, थोडं नव्याने बांधलं जातं. पाडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. इस्ट्रोजेन हा पाडणाऱ्यांवरचा मुकादम. पाळी गेली की मुकादम जातो आणि पाडकामाला धरबंद राहत नाही. पुढची पाचसात वर्षं तर ते फारच जोरात चालतं. हे अंगातल्या सगळ्याच हाडांत होतं, कुठे जास्त, कुठे कमी. जबडा त्याला अपवाद कसा असेल? बाहेरून हाडाचा आकार तसाच राहतो, आतल्या अंगाने ते पोखरलं जातं. खाचे पट्टीच्या आतल्या कडेला दिसतात ते म्हणून.

इथे एक गल्लत मात्र होऊ देऊ नका, ती माझ्या पेशंटमध्ये रोज होते. दात हलायला लागले, हिरड्या खाली गेल्या, दात काढलेल्या जागेचं हाड बसलं की लोक म्हणतात, 'माझी हाडं झिजलीत.' दातांभोवतीचं हाड हिरड्यांच्या आजाराने जातं, दात काढल्यावर तर ते जातंच, विशीतल्या मुलाचंही जातं. त्यावरून खुब्याबद्दल काही सांगता येत नाही. म्हणून आम्ही दातांजवळचं हाड सोडून थेट तळाची पट्टी बघतो. मराठीत या 'हाडांची झीज' शब्दाने मोठाच घोळ केलाय. गुडघ्याची गादी झिजली तरी झीज, मणक्यांत गॅप आला तरी झीज आणि हाडं आतून पोकळ झाली तरी झीजच! पहिल्या दोन्हींत दुखतं. तिसरीत काहीच दुखत नाही, एक दिवस हाड मोडतं तेव्हाच कळतं. तुमचे गुडघे दुखतात ते वेगळं दुखणं, आणि इथे आपण बोलतोय ते वेगळं.

आता या फोटोची उणी बाजूही सांगते, नाहीतर आमच्या बिरादरीची जाहिरात केल्यासारखं होईल. ओपीजीत सगळं थोडं मोठं दिसतं, साधारण वीस ते तीस टक्के, आणि ते मशीनवर अवलंबून असतं. तेवढं वजा न करता पट्टी मोजली तर 3 मिलिमीटरचा आकडा फसवा ठरतो. मान वाकडी झाली की एक बाजू जाड, एक पातळ. मानेच्या मणक्यांची सावली मध्ये येते. एकच फिल्म दोन डॉक्टरांना दाखवली तर एक म्हणेल 'खाचे आहेत', दुसरा म्हणेल 'मला तर साफ वाटतंय', आणि दोघंही प्रामाणिक असतात. हल्ली संगणक ही पट्टी आपोआप मोजतो आणि त्या मोजणीत हळूहळू सुधारणाही होतेय. पण मुख्य अडचण संगणकानेही सुटत नाही. पट्टी पातळ आणि कुरतडलेली असेल तर संशय घ्यायला चांगली जागा असते. पट्टी छान असेल तर मात्र 'तुमची हाडं उत्तम' असं कुणी म्हणू नये. जबडा ठीक आणि मणका पोकळ अशा बायका पुष्कळ असतात. धान्य पाखडायला सूप ठीक आहे, वजन करायला तराजू लागतो. इथे तराजू म्हणजे डेक्सा.

मिस्टरांच्या शंकेला मी हसणार नाही. तपासणीच्या धंद्यात कट, म्हणजे कमिशन, चालतो, हे ज्याने चार दवाखाने पाहिलेत त्याला माहीत असतं. पण तुमच्या बाबतीत बघा. फोटो दाढेसाठी काढलेला होता, तो काढावाच लागणार होता. त्यातली पट्टी बघायला डॉक्टरांनी वेगळे पैसे घेतले नाहीत आणि तुमच्या अंगावर जादा किरणंही पडली नाहीत. डेक्सा अमुकच सेंटरला करा असा हट्ट धरला असता तर मीही भुवई उंचावली असती. तसं तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्ही साताऱ्यात करा, कराडला करा, नाहीतर पुण्याला लेकीकडे जाल तेव्हा करा. खर्च शहरागणिक बदलतो, दोन-चार ठिकाणी फोन करून विचारा. उलट कुणी 'हाडं बघायला ओपीजी काढू' म्हणालं तर नाही म्हणा. दातासाठी काढलेल्या फोटोतून आयतं मिळणारं शहाणपण घ्यावं, त्यासाठी मुद्दाम फोटो काढू नये.

हे मी एवढ्या ठामपणे लिहितेय त्यामागे माझीच एक चूक आहे. दवाखाना नवा होता तेव्हा एक आजी कवळीसाठी आल्या. साठीच्या असतील, किरकोळ बांध्याच्या, पाठीला जरा बाक आलेला. फोटो मी उजेडाच्या पेटीवर लावला, मुळांचे तुकडे राहिलेत का ते बघितलं आणि पुसून टाकावी तशी नजर तळाच्या पट्टीवरून फिरवली. पेन्सिलीने ओढलेल्या रेघेएवढी ती पट्टी होती. मला दिसली, आणि मी बोलले नाही, कारण 'दाताच्या डॉक्टरने कंबरेचं कशाला बोलायचं' हे माझ्याही डोक्यात होतं. पुढच्या पावसाळ्यात त्या ओसरीवरून घसरल्या. मुलगा कवळी घासून घ्यायला आला तेव्हा कळलं. त्यानंतर मी पट्टीबद्दल बोलायला कधी लाजले नाही, लोक साटंलोटं म्हणाले तरी.

थ्रीडी स्कॅनचं थोडक्यात. स्क्रूचा दात बसवायचा असेल तर तो स्कॅन योग्य आहे. हाडाची उंची-रुंदी किती, नस कुठून जाते, ते त्यात नेमकं कळतं. पण त्यात दिसणाऱ्या करड्या छटांवरून 'तुमची डेन्सिटी इतकी' असा आकडा कुणी दिला तर तो डेक्साच्या जागी धरू नका. त्या छटा मशीनगणिक बदलतात, किरणंही ओपीजीपेक्षा जास्त लागतात. स्कॅन दातासाठीच करायचा. जाता जाता तळाची पट्टी बघायला हरकत नाही.

टाचेच्या मशीनबद्दल तर मला जरा चिडूनच लिहावंसं वाटतं. शिबिरातलं ते मशीन बहुतेक वेळा अल्ट्रासाउंडचं असतं. टाचेतून ध्वनिलहरी किती वेगाने जातात त्यावरून ते अंदाज सांगतं. त्याच्या कागदावरही 'टी-स्कोअर' (तरुण, निरोगी हाडाच्या तुलनेत आपलं हाड कुठे आहे तो आकडा) असाच शब्द छापलेला असतो, पण डेक्साच्या टी-स्कोअरशी त्याची बरोबरी होत नाही. रोगाचं निदान ज्या मोजमापावर ठरतं ते खुब्याचं आणि कंबरेच्या मणक्यांचं. शिबिराचा खर्च पुष्कळदा कॅल्शियमच्या गोळ्या विकणारी मंडळी उचलतात आणि मग निम्म्या बायकांना 'कमी आहे' असा कागद मिळतो. तुम्हाला 'ठीक' मिळाला, तोही तेवढाच कच्चा समजा.

आता तुमच्या चार ओळी.

मनगट. मोरीत घसरून हातावर पडलात आणि मनगट मोडलं, तेव्हा तुम्ही 54 च्या होतात. उभ्या उंचीवरून पडून मोडलेलं हाड ही साधी घटना धरत नाहीत. तरुण बाई तशी पडली तर मनगट मुरगळतं, सुजतं, सहसा मोडत नाही. प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं आणि सगळे विसरले. खरं तर तुमची डेक्सा तेव्हाच व्हायला हवी होती. एकदा हाड मोडलेल्या बाईचं दुसरं हाड मोडण्याची शक्यता वाढलेली असते.

आई. 'ती ऐंशीची होती' म्हणून तुम्ही ते सोडून दिलंत. पण हाड मोडण्याचा धोका मोजायचं फ्रॅक्स नावाचं गणित आहे, शेफील्ड विद्यापीठात तयार झालेलं, 2008 पासून जगभर वापरतात आणि त्यात भारतासाठी वेगळी आकडेमोड आहे. त्यातल्या मोजक्या प्रश्नांत एक थेट हाच आहे: आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का? वय, वजन, उंची, आधी मोडलेलं हाड, स्टेरॉइड हेही त्यात येतं. तुमचं 46 किलो वजनही त्यात तुमच्या विरोधातच जाणार.

पिशवी. इथे एक गोष्ट शोधायची आहे. नुसती पिशवी काढली की सोबत दोन्ही अंडाशयंही काढली? आपल्याकडे बायकांना हे सांगितलंच जात नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेला तेव्हा लोकांना पहिल्यांदा धक्का बसला, पण मध्यमवर्गातही 'आता काय उपयोग तिचा' म्हणून काढून टाकण्याची रीत आहेच. अंडाशयं गेली असतील तर तुमचा मुकादम 41 व्या वर्षीच एका दिवसात गेला, हळूहळू नव्हे. म्हणजे हाडांचं पाडकाम सतरा वर्षं चाललेलं आहे. ट्रंकेतलं जुनं डिस्चार्ज कार्ड काढा. 'बीएसओ' किंवा 'बोथ ओव्हरीज' असं काही लिहिलंय का, नातीला वाचायला सांगा.

पुड्या. 'फार गुण आला होता' हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. बिननावाच्या पुडीने गुडघे तीन दिवसांत मोकळे होतात, भूक लागते, चेहरा भरतो, तेव्हा त्यात बहुतेकदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. तीन महिन्यांहून जास्त पोटात गेलेलं स्टेरॉइड हाडाला फार वाईट. तुमच्या पुडीत ते होतंच, असं मी इथे बसून म्हणू शकत नाही. पण डॉक्टरांसमोर ही गोष्ट लपवू नका. 'गावठी औषध घेतलं म्हणून ओरडतील' या भीतीने बायका नेमकं तेच गिळून टाकतात. पुन्हा सुरूही करू नका.

आणखी एक, घरच्या घरी करायचं. भिंतीला टेकून आजची उंची मोजा आणि लग्नाच्या वेळच्या माहितीपत्रात लिहिलेल्या उंचीशी ताडून बघा. (तिथे आपले वडील एखादा इंच वाढवून लिहीत, तो वजा करा!) फरक दीड इंचाच्या पुढे असेल तर मणके न दुखता दबले असण्याची शंका घ्यावी लागते. तसं असेल तर पाठीचा एक्स-रेही लागेल. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

डेक्सा म्हणजे काय, तर कपड्यांवरचं धातूचं काही काढून पंधरा मिनिटं टेबलावर निजायचं. सुई नाही, बोगद्यात जाणं नाही. त्या दिवशी सकाळी कॅल्शियमची गोळी मात्र घेऊ नका. किरणं ओपीजीइतकीच किंवा त्याहून कमी. कंबरेचे मणके आणि खुबा दोन्ही मोजायला सांगा. तुमच्या वयात मणक्यांना हाडाची वाढ आलेली असते, तिच्यामुळे आकडा खोटाच चांगला येतो, म्हणून खुबा हवाच. टी-स्कोअर उणे 1 किंवा त्याच्या वर असेल तर ठीक, उणे 1 ते उणे 2.5 मध्ये असेल तर हाड विरळ, उणे 2.5 किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस. पण समजा तुमचा उणे 2.1 आला आणि कुणी म्हणालं 'अजून काही नाही', तर पटवून घेऊ नका. मोडलेलं मनगट आणि आईचा खुबा तुमच्या खात्यात आहेत, औषधाचा निर्णय ते सगळं धरून व्हायला हवा. हा निर्णय फिजिशियन, हाडांचे डॉक्टर किंवा हार्मोनचे डॉक्टर घेतील. सोबत रक्तात कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि गरज वाटली तर पॅराथायरॉइड बघतील.

'कॅल्शियम घे आणि गप्प बस' याचं काय? तुमच्या वयाला दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणीची एक भाकरी, दोन कप दूध किंवा तेवढं दही, तिळाची चटणी एवढ्यात आठशेच्या आसपास जमतं. उरलेल्यासाठी गोळी घ्यायला हरकत नाही, जेवणाबरोबर. पण ज्या हाडाचं पाडकाम जोरात चालू आहे तिथे नुसत्या विटा आणून टाकल्या म्हणून भिंत उभी राहत नाही. कॅल्शियम हवंच, पण ते उपचाराच्या जागी चालत नाही. आणि ड जीवनसत्त्वाची साठ हजारांची पुडी शेजारणीला सांगितली म्हणून आपणही महिनोन्महिने घेत राहायचं, हेही करू नका. ते अंगात साठतं.

वहिनींचं म्हणणं शेवटी ठेवलं, कारण त्यात तथ्याचा अंश आहे आणि तुमच्या दाढेशी त्याचा थेट संबंध आहे. आठवड्याला घ्यायची अ‍ॅलेन्ड्रोनेट गोळी, वर्षाला एकदा सलाइनमधून देतात ते झोलेड्रोनिक ॲसिड, सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन, या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जखम भरत नाही आणि आठ-आठ आठवडे जबड्याचं हाड उघडं राहतं. 2003 पासून हे डॉक्टरांच्या ध्यानात यायला लागलं. यातले बहुतेक पेशंट कॅन्सरचे होते, त्यांना हीच औषधं कितीतरी मोठ्या मात्रेत, दर महिन्याला दिली जातात. हाडं ठिसूळ झाली म्हणून नेहमीच्या मात्रेत घेणाऱ्यांत हे दहा हजारांत काही मोजक्यांना होतं. त्या भीतीने औषध टाळलं तर खुबा मोडण्याचा धोका आपण स्वतःहून पत्करतो, आणि आईचं काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

शिवाय तुमच्या हातात क्रम आहे. औषध अजून सुरू झालेलं नाही. खराब दाढ आत्ता काढून घ्या, हिरड्या साफ करून घ्या, जखम भरू द्या, तोवर डेक्सा आणि रक्ताचे रिपोर्ट येतील. मग औषध. हाड विरळ निघालं तरी स्क्रूचा दात बसू शकतो, तेवढ्याने तो नाकारत नाहीत, फक्त दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं माहीत हवं. अ‍ॅलेन्ड्रोनेट मिळालं तर ते उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर भाजते. डेनोसुमॅब मिळालं तर तारीख चुकवू नका आणि मनाने बंद करू नका. ते एकदम सोडलं की झीज उसळी मारते आणि मणके दबतात.

रिपोर्ट येईपर्यंत पुढे वाकून हंडा-कळशी उचलू नका, वाकायचंच असेल तर गुडघ्यांत वाका. योगवर्गात पश्चिमोत्तानासन आणि पुढे झुकायची आसनं तूर्त बाजूला ठेवा. चालणं चालू ठेवा. मोरीत कठडा बसवून घ्या, ओल्या फरशीवर खडबडीत पट्ट्या लावा, रात्री उठताना लावायला एक छोटा दिवा. मिस्टरांना हे काम द्या, कट लागत नाही.

डॉक्टरांकडे जाताना ओपीजीची फिल्म, टाचेच्या मशीनचा कागद, पिशवीचं डिस्चार्ज कार्ड आणि मनगटाचे जुने एक्स-रे एका पिशवीत घाला. पुडीचा एखादा रिकामा कागद डब्यात राहिला असेल तर तोही.